चंद्राची पेटी

मी चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. एक माग तर मी असा सुधारला होता की कारागीर जेवायला गेला तरी तो कापड विणून, घडी घालून, वर पंखाही बंद करायचा. यावर विश्वास ठेवू नका, माझी हरकत नाही. पण भाचीच्या कोळिणीची गोष्ट खरी आहे, आणि नेमकी तीच आमच्या वळ नावाच्या गावात कोणाला पटत नाही.

भाची मेघाली. दापोड्याच्या गोदामात परत आलेला माल तपासते. तिच्याबरोबरचा देवेश नोकरी सोडून गावी गेला, तेव्हा आपला पाळीव टॅरेंट्युला तिच्या हवाली करून गेला. तळहाताएवढी, काळ्या मखमलीची कोळीण. मेघालीने नाव ठेवलं चंद्रा.

पहिल्याच आठवड्यात चंद्रा आपल्या बरणीचं झाकण उचलून तूरडाळीच्या डब्यामागे जाऊन बसली. मग तिला माशांच्या काचेच्या टाकीत ठेवून वर पाट ठेवला. तो सरकवून ती निघाली ती थेट माझ्या बहिणीच्या, सीताबाईच्या चपलेत.

सीताबाईने चप्पल झटकली आणि शांतपणे सांगितलं, "गुरवारी तुज्या भावाची, भूपेशची हळद हाय. घर पावण्यांनी भरंल. आता एकदा जरी ही भायेर दिसली तर डोंगरात सोडून येनार."

"आई, ही इथली न्हाय. डोंगरात दोन दिस जगायची न्हाय."

"मंग नीट कोंड."

मेघाली माझ्याकडे आली. "मामा, गप्पा नकोत. पेटी पाहिजे."

आता जॉबरला पेटी सांगायची म्हणजे काय. मागावर उभे धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून बारीक पोलादी तारांची फणी असते. मी जुनी फणी आणली, तिचं झाकण केलं आणि टाकीवर पक्कं बसवलं. त्या फटींतून डासही आडवा होऊन जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर चंद्रा झाकणाला उलटी लोंबकळतेय. पायाचं नख दोन तारांत अडकलेलं. बाहेर काय जाईल एवढंच मी मोजलं होतं. आत काय अडकेल ते मोजलंच नव्हतं. आयुष्यभर काम धाग्यांशी, आणि धाग्यांना नखं नसतात, त्यामुळे ही सवयच नाही.

मेघालीने झाकण जेमतेम तिरकं केलं, खाली उशी ठेवली आणि ओल्या ब्रशने ते नख सोडवत बसली. अर्धा तास. माझा हात मागाच्या मोटारीत अडकला असता तरी मी एवढा घाबरलो नसतो.

"उशी कशाला?" मी विचारलं.

"उंचावरून पडली की पोट फुटतं, मामा. टोमॅटोसारखं. ही टाकीच चुकीची, फार उंच आहे."

मग तिने आपली पेटी ठरवली. कशेळी गावातल्या, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून पारदर्शक ॲक्रिलिक कापून आणलं. पेटी बुटकी आणि रुंद. आत माती एवढी की वर जेमतेम वीतभर जागा उरावी. हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं. भोकांचं माप तिने चंद्राच्या अंगावरून घेतलं, पट्टी काचेला लावून.

"पोट दबतं, पण हा पुढचा कडक भाग दबत नाही. तो जिथून जाईल तिथून सगळी जाईल. भोक त्याच्या निम्म्याहून लहान."

झाकण खाचेत सरकणारं, त्याला दोन कड्या. शेवटी गोदामात खोकं तपासतात तशी रिकामी पेटी उलटी केली, हलवली, प्रत्येक सांध्यात कागदाची चिठ्ठी घालून पाहिली. एकाही सांध्यात चिठ्ठी शिरली नाही.

"मी मावेन का आत?" मी विचारलं.

"तुम्ही मावाल. तुमच्या गप्पा मावणार नाहीत."

मी चाळीस वर्षांत शंभर कारागीर पाहिले. चिठ्ठी घालून सांधा बघणारा एकही नव्हता.

गुरुवारी हळद दणक्यात झाली. चंद्राने चार दिवस काही खाल्लं नव्हतं. तिची पेटी आतल्या खोलीत, जमिनीवर, कपड्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी सीताबाई स्वतः तपासायला गेली. परत आली ती माझ्या कानाशी वाकली.

"दादा, आत दोन हायत."

मी उठून बसलो. "कड्या?"

"लावल्यात. मंग दुसरी शिरली कुठून?"

"पेटी एवढी झकास की बाहेरचीही राहायला येतात," मी कशीबशी थाप जुळवली.

पिवळ्या हातांनी मेघाली आली, वाकून पाहिलं आणि तिथेच फतकल मारून बसली. "आई, दुसरी न्हाय. कात टाकलीय तिने. म्हनून खात न्हवती."

आठ पाय, नखं, केस, सगळं जसंच्या तसं, आत मात्र काहीच नाही. हातमोजा उतरवून ठेवावा तसं. आणि शेजारी चंद्रा, दमलेली, पण नवी कोरी काळी.

"अशा वेळी ती अगदी मऊ असते. बाहेर असती तर मुंगीनेही खाल्ली असती," मेघाली म्हणाली.

सीताबाई पेटीशी उकिडवी बसली.

"म्हंजे भावाच्या लग्नाला नवीन नेसली," ती म्हणाली. उठली, भूपेशच्या हळदीची वाटी आणली आणि पेटीच्या झाकणाला एक बोट लावलं. मग मेघालीला म्हणाली, "हितंच राहू दे. पन कड्या मी रोज बघनार."

ती कात अजून बाटलीत ठेवलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून मी सांगतो, की ही चंद्राची थोरली बहीण, लग्नाला आली आणि राहिली. ते मात्र लोकांना लगेच पटतं.