आजेसासूबाईंचा झगा

माझ्या धंद्याला धड नाव नाही. बायकांच्या मेळाव्यांना, मंडळांच्या वार्षिक संमेलनांना, कधी कुणाच्या निवृत्तीच्या समारंभाला मला बोलावतात, आणि मी जुन्या काळची सासू होऊन जाते. पायघोळ काळा झगा, उभी कॉलर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पडद्यामागून आधी नुसत्या किल्ल्या वाजवायच्या. तेवढ्यानेच हॉलमध्ये खसखस पिकते. मग मी येते, अध्यक्षीणबाईंना खुर्चीवरून उठवते, दोन्ही हात पुढे करायला लावते, उलटसुलट करून नखं बघते आणि विचारते, "घर कुणाच्या जिवावर टाकून आलीस?" नातवंडं झालेल्या बायका माना खाली घालून उभ्या राहतात आणि हसून हसून डोळे पुसतात. नंतर पेटीतून कोळशाची इस्त्री निघते, हाताने फिरवायचं शिवणयंत्र निघतं. "काय ते दिवस होते," सगळ्या म्हणतात. कसे होते ते त्यांना चांगलं ठाऊक असतं, पण चहाच्या आधी कुणी तसं बोलत नाही.

झगा खरा आहे. आमच्या ह्यांच्या आजीचा, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचा. मिशनच्या बोर्डिंगात त्या मेट्रन होत्या, घरीही तोच वेश. मी त्यांना पाहिलं नाही. सासूबाईंनी मात्र जन्माला पुरेल एवढं पाहिलं. कार्यक्रमाची कल्पनाही सासूबाईंचीच. कपाट आवरताना झगा हाती लागला, त्यांनी तो माझ्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाल्या, "तुला बेतून शिवल्यासारखा आहे. बस इथे, बोलायला शिकवते." आवाज त्यांनी घोटून घेतला. नाकातून, ओठ फारसे न हलवता, शेवटचा शब्द तोडून. चुकला की पुन्हा. "एवढ्याने नव्हते हो मी घाबरत. परत म्हण." ज्या दिवशी जमला, त्या दिवशी त्या खुर्चीवरून ताडकन उठून उभ्या राहिल्या. मग स्वतःलाच हसल्या आणि म्हणाल्या, "आता जमला."

सगळ्यात मोठा हशा एका प्रसंगाला मिळायचा. तोही त्यांनीच सांगितलेला. सून विचारते, "आता आईकडे जाऊ का?" सासू म्हणते, "काम आटपलं की जा." सून चपला घालून दारापर्यंत पोचते आणि मागून हाक येते, "सूनबाई, चमचे मोजायचे राहिले." ती परत येते. मोजते. पुन्हा दारापर्यंत जाते, पुन्हा हाक. सून व्हायची आमची लेक चिमी, अगदी शाळेत होती तेव्हापासून. तिला वाक्य एकच होतं, "बरं, सासूबाई." पण ते ती असं काही म्हणायची की बायका हॉल डोक्यावर घ्यायच्या. पहिल्या रांगेत सासूबाई सगळ्यांच्या वरताण हसायच्या. एकदा शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं, "मग शेवटी गेलात की नाही?"

"गेले ना," सासूबाई म्हणाल्या. "उशीर झाला, एवढंच." आणि पुन्हा हसायला लागल्या. मला वाटलं, बस चुकली असेल.

आता सासूबाईंना कुणाचीच ओळख राहिलेली नाही. मुलाला त्या भाऊ समजतात, मला कामाला आलेली बाई. एकदा एकट्याच निघाल्या आणि चौकातल्या औषधाच्या दुकानात सापडल्या, तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं. मग त्यांनी जेवण सोडलं. चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे बंद. घरातल्या सगळ्यांनी हात टेकले, डॉक्टर नळी घालायचं बोलू लागले. त्यातच एका कार्यक्रमाहून मी तशीच घरी आले, कपडे बदलायला तिथे जागा नव्हती म्हणून. जिन्यात किल्ल्या वाजल्या. सासूबाई उठल्या, केस सारखे केले, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसल्या आणि वाढलेलं सगळं संपवलं.

ह्यांनी मला अक्षरशः हात जोडले. नणंदबाई फोनवर रडल्या. "वहिनी, तुझ्या झग्याने आईला वाचवलं गं." मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून झगा रोज. त्याला मागे मानेपासून कमरेपर्यंत हुक आहेत, आपले आपल्याला लागत नाहीत. हे ऑफिसला जाण्याआधी लावून देतात आणि रात्री सासूबाईंचं जेवण उरकलं की सोडतात. मधला अख्खा दिवस मी त्या काळ्या कापडात. त्यातच केर काढते, त्यातच कपडे वाळत घालते. दूधवाल्याने पहिल्या दिवशी दचकून दोन पावलं मागे घेतली, आता तोही सरावला. दाराची किल्ली हरवायला नको म्हणून ह्यांनी ती जुडग्यातच अडकवली, खोट्या किल्ल्यांमध्ये एक खरी. बाहेरचे कार्यक्रम एकेक करून बंद झाले. प्रेक्षक एकच उरला, आणि तो हसत नव्हता.

इकडे चिमीचे दिवस भरत आले. दिवसभराच्या बसवर तिचं गाव. नवरा पाळीच्या नोकरीत, सासरचं मोठं माणूस कुणी नाही. "बाळंतपणाला मी येणार," असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगून बसले होते. माझ्या जागी कोण, यावर घरात खल झाला. नर्स ठेवून पाहिली, तिला सासूबाईंनी दाद दिली नाही. मग नणंदबाई स्वतः आल्या आणि झगा घालून, जुडगा वाजवत बाहेर आल्या. कित्येक महिन्यांत सासूबाईंनी पोटच्या पोरीला ओळखलं नव्हतं. त्या दिवशी पटकन ओळखलं. "ताई, हे काय सोंग?" म्हणाल्या आणि तोंड मिटून घेतलं. नणंदबाईंना हसावं की रडावं कळेना. संध्याकाळच्या गाडीने त्या परत गेल्या.

"आईंना बरोबर घेऊन जाते," मी ह्यांना म्हटलं.

"अगं, घराबाहेर पाऊल टाकलं की ती बिथरते. आणि चिमीच्या दोन खोल्यांत मावणार कुठे सगळे? तुझा हात लागतो आईला. तूच एक आहेस बघ."

कौतुकानेच म्हणाले. मला मात्र कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं.

मग परवाची दुपार. सासूबाईंचं जेवण झालं. रोज ताट उचलताना त्या काहीतरी पुटपुटायच्या आणि मी लक्ष न देता "बरं, बरं" म्हणायचे. परवा त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आधी तळवे, मग उलटे करून नखं. मला वाटलं, कार्यक्रम आठवला. एवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण त्यांची नजर माझ्या कमरेच्या किल्ल्यांवर होती.

"सगळं संपवलं, सासूबाई," त्या म्हणाल्या. "काही टाकलं नाही. आता जाऊ? आई फार आजारी आहे. काल परत निरोप आलाय."

कशाला उशीर झाला होता, ते मला तेव्हा कळलं. बस चुकली नव्हती. आणि ही बाई भुकेने जेवत नव्हती, मायेने तर नाहीच. जेवण हे तिला दिलेलं काम होतं. ते आटपलं की आईकडे जायला मिळणार, म्हणून सकाळ-संध्याकाळ ताट चाटूनपुसून साफ करत होती. आणि समोर कमरेला किल्ल्या लावून मी बसलेली. मला त्या झग्याची शिसारी आली, त्या हसणाऱ्या हॉलची आली, माझ्या नाकातल्या आवाजाची आली.

"जा," मी म्हटलं.

जाऊन कुलूप काढलं, दार सताड उघडलं. सासूबाईंनी चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून थांबल्या. मला वाटलं, रस्ता बघताहेत. पण मान किंचित तिरकी होती, कान मागे होता. त्या हाकेची वाट बघत होत्या.

"जा ना. मी हाक नाही मारणार."

त्या हलल्या नाहीत. खाली रस्त्यावरून माणसं जात होती, कुणाची तरी सायकल खडखडत गेली. शेवटी त्या आपणहून वळल्या. "चमचे राहिले असतील," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन खण उघडला.

तेवढ्यात फोन वाजला. चिमी होती.

"आई, डॉक्टर म्हणाल्या, आता कधीही. तू कधी निघतेस?"

आतून चमच्यांचा आवाज येत होता. दार अजून उघडंच होतं. "निघते गं," मी म्हटलं. "इथलं काम आटपलं की."

मग चिमी हळूच म्हणाली, "बरं, सासूबाई."

ती हसेल म्हणून मी थांबले. तिने फोन ठेवून दिला.

त्या क्षणी झगा फाडून टाकावासा वाटला. पण हुक मागे, आणि हे ऑफिसात. शिवाय झगा काढला असता तर सासूबाईंनी माझं काही ऐकलं नसतं. झग्याचंच त्या ऐकत होत्या. मी किल्ल्या वाजवत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि नाकातून आवाज काढला, अगदी शिकवला होता तसा.

"सूनबाई, चमचे ठेव. आईकडे जायचंय. मी येतेय सोडायला."

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. "तुम्ही?"

"मी."

औषधांची पिशवी, दोघींचे दोन दोन कपडे, त्यांची शाल. घराला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. रस्त्यात माणसं वळून वळून बघत होती. बघू देत. कंडक्टरने झग्यावरून नजर फिरवून विचारलं, "बाई, नाटक कुठल्या गावाला?" मी चिमीचं गाव सांगितलं आणि तिकिटं घेतली. सासूबाई बिथरल्या नाहीत. सीटच्या कडेला बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. पण बस थांबली की दरवेळी अर्धवट उठायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. आता परत बोलावतील, म्हणून. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा मी कमरेचा जुडगा सोडला आणि त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"या आता तू सांभाळ."

त्यांनी बराच वेळ किल्ल्या न्याहाळल्या. मग मागे टेकल्या आणि जुडगा पोटाशी धरून झोपी गेल्या.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "अगं, माझ्या किल्लीने दार उघडलं, तर घरात कुणीच नाही. आई कुठाय?"

"माहेरी निघाल्यात."

"काय बोलतेस?"

"मी सोडायला चाललेय. चिमीकडे."

मग ते बरंच काही बोलले. जागेचं, औषधांचं, लोक काय म्हणतील त्याचं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांना आठवलं. "आणि तुझे हुक?"

"चिमी सोडेल."

"बरं, पण परत कधी येणार?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या गाढ झोपल्या होत्या, किल्ल्यांवरची मूठ मात्र सैल झाली नव्हती. पाठीत हुक टोचत होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आवाज नाकातूनच आला.

"काम आटपलं की."