पड जमिनीतला ऊस

ठमाबाईच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की तिला भाकरी गोड लागत नाही. बोरमाळच्या ग्रामपंचायतीत ती निवडून आली तीही याच खोडीमुळं. लोक म्हणाले, ही बाई गप्प बसत नाही, मग बसवा तिथंच, विचारू दे काय विचारायचं ते.

बोरमाळ हे कळस आणि अंथुर्ण्याच्या मधलं गाव. गावाला कालव्याची एक चारी. चारीच्या तोंडाशी ठमाबाईच्या पुतण्याचं, रणजितचं, सहा एकर. शेपटाला ठमाबाईचं दीड एकर. मधली धरून बारा घरांची रानं या एका चारीवर हिरवी राहतात. शेजारचा रस्ता रुंद झाला आणि रणजितच्या रानात चुन्याच्या रेघा दिसायला लागल्या. प्लॉट पडले की चारी रस्त्याखाली बुजणार आणि शेपटाला पाण्याऐवजी धूळ येणार, हे कळायला शिकलेलं असावं लागत नाही.

हे होणार म्हणूनच पावसाळ्यात ग्रामसभेनं ठराव केला होता, की पाटाच्या पाण्याखालच्या रानात प्लॉट पाडायला ग्रामपंचायत ना हरकत देणार नाही. ठराव मांडला ठमाबाईनं. टाळ्या वाजवणाऱ्यांत रणजितही होता, हे लिहून ठेवलं पाहिजे. टाळी वाजवायला काय जातं?

जानेवारीत सरपंच राजेश्वरीनं तिला ऑफिसात बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला.

"ठमाकाकू, रणजितनं बारामतीला प्रांत ऑफिसात अर्ज केलाय. म्हणतोय, तुमचा ठराव मला लागूच न्हाय. माझं रान पाण्याखाली न्हाय, पड हाय."

"पड? अगं, दिवाळी झाल्यावर त्याच रानातनं ऊस तुटून गेला. त्याच्या ट्रेलरनं माझ्या दारातली तुळस आडवी केली!"

"मी काय आंधळी हाय का? मीबी बघितलाय. पर सातबारा बघा. दोन सालं झाली, पड, पड, पड. गुरुवारी मंडल अधिकारी पाहणीला येणार. रानात रोटर मारलाय त्यानं. सायबाला दिसणार काय, ढेकळं."

ठमाबाईनं कागद उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला उत्तर असेल. मग तिच्या डोक्यात तो प्रश्न शिरला. हे पड लिहिलं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलाठी ऑफिसात हजर. वाटेतच तिनं निकाल देऊन टाकला होता, की तलाठ्यानं केलं. आपल्याकडं दुसरा संशय कुणाला येतच नाही. तलाठी मेघना, वयानं ठमाबाईच्या लेकीएवढी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, पीक आता आम्ही लिहीत नाही. शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवतो. फोटोसकट. थांबा, दाखवते."

पडद्यावर फोटो आला. रस्त्याकडेची हातभर उघडी माती, थोडी हरळी, एक प्लास्टिकची पिशवी. ऊस कुठंच नाही. आणि फोटोच्या खालच्या कडेला, काढणाऱ्याच्या ध्यानात न आलेले, दोन पाय. एका पायात निळी चप्पल, एका पायात तपकिरी.

ठमाबाईनं मान खाली घालून आपल्या पायांकडं बघितलं. कुत्र्यानं जोडीतली एक पळवल्यापासून ती अशीच फिरत होती. एवढ्यासाठी नवी जोडी कोण घेतं?

मेघनानंही खाली बघितलं. मग दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"काकू..."

"बोलू नगंस," ठमाबाई म्हणाली. "बोलू नगंस जरा."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी नातीनं तिला फोन चालवायला शिकवला आणि ठमाबाईला पंख फुटले. गावात आवई उठली की पीक पाहणी नाही केली तर सरकार काहीतरी बंद करणार. मग चारीवरच्या बारा घरांनी आपापले फोन आणून हिच्या ओट्यावर ठेवले. रणजितच्या आईनं, भागुबाईनंसुद्धा. "तुला येतंय तर करून टाक बया," म्हणाली. आता गंमत अशी, की ऊस म्हटलं की फोन विचारतो, लागण कधीची, पाणी कुठलं, क्षेत्र किती, रानाच्या मधोमध जाऊन फोटो काढा. आणि पड म्हटलं की दोन बोटांत मोकळं करतो. भाद्रपदातल्या उसात मधोमध जायचं म्हणजे पात्यानं तोंड सोलून घ्यायचं. ठमाबाईनं रस्त्याकडेला उभं राहून बारा फोटो काढले आणि बाराही गट पड करून टाकले. पुढच्या सालीही तसंच.

कुणी तिला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. धान्यवाल्याला सातबारा लागतो, कापूसवाल्याला लागतो, त्याला पीक विकायचं असतं, विमा घ्यायचा असतो. आपला ऊस रानातनं उठतो तो थेट कारखान्याच्या काट्यावर जातो. मग सातबाऱ्यावर गहू लिहिलाय, पड लिहिलंय की चंद्रावरची जमीन लिहिलीय, बघतंय कोण? उलट पड लिहिलं की पाणीपट्टी मागायला पाटबंधाऱ्याचा माणूसही फिरकत नाही, म्हणून सगळे खूश. या आळसाला आपण वर आणि हुशारी म्हणतो.

घरी जाताना ठमाबाईला रणजित भेटला. नव्या बुलेटवर होता.

"काय काकू, तलाठ्याकडं का?"

"तुला ठावं होतं व्हय रं? मी पड लिवलं ते?"

रणजित हसला. मनापासून हसला, हेच जास्त लागलं. "तुमचीच मेहेरबानी. वकील म्हणला, असला साफ सातबारा नशीबवानालाच मिळतो. आन हे बघा, गुरुवारी उगंच तोंड उघडू नका. सदस्यानं खोटी नोंद केली म्हटल्यावर सदस्यपद ऱ्हातंय का बघा की."

तिला दुसराच प्रश्न पडला होता. सरकारच्या कागदात ऊस नाही, मग कारखान्याला कसा सापडला?

ती साहेबरावाकडं गेली. साहेबराव कारखान्याचा चिटबॉय. उसाची लागण झाली की रानात येऊन नोंद घ्यायची आणि पाळी आली की तोड द्यायची, हे त्याचं काम. वय सत्तावन्न, पण कारखान्याच्या लेखी अजून बॉयच.

"सायबराव, रणजितच्या उसाची नोंद हाय तुज्याकडं?"

"नोंदीबिगर तोड मिळती का काकू?" त्यानं वही उघडली. "ही घ्या. सहा एकर, आडसाली, लागण दीड सालामागं, पंधरा जुलैला, पाणी पाटाचं. ही तुमची. दीड एकर, खोडवा."

तिनं बाराही नावं वाचायला लावली. एक सरी चुकली नव्हती. ती वहीकडं बघत राहिली. कारखान्याला सगळं खरं सांगायचं, कारण तिथनं तोड येते. सरकारला काही सांगायचं नाही. आणि रान वाचवायची वेळ आली की हात पसरायचे सरकारपुढं.

"ह्याची नक्कल दे. शिक्का मारून."

"शेतकी ऑफिसरला इचारावं लागंल."

"मग इचार की. फोन काय पानसुपारीला ठेवलाय?"

गुरुवारी मंडल अधिकारी आले. रणजितच्या रानात चुन्याच्या रेघांमधे उभे राहून त्यांनी कागद वाचला, ढेकळं बघितली. चारीवरच्या बायका बांधावर पदर सावरून उभ्या. राजेश्वरीनं ठरावाची प्रत दिली.

"ठराव ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण कागदावर ही जमीन दोन वर्षं पड आहे."

"ते पड मी लिवलंय," ठमाबाई म्हणाली. "आन ते खोटं हाय."

तिनं साहेबरावाकडची शिक्क्याची नक्कल पुढं धरली. रणजितचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "सायेब, ही बाई सदस्य हाय! सोत्ता सांगतीय खोटी नोंद केली म्हणून! लिहून घ्या!"

"घ्या की लिहून," ठमाबाई म्हणाली. "माझं दीड एकरबी पड हाय कागदात. आन ह्या सगळ्यांचं. बारा घरं."

बांधावरून साखरबाई करवादली. "आमाला कशाला मधी वडतीस गं भवाने? आता पाटबंधारेवाला दारात बसंल!"

साहेबांनी साखरबाईच्या रानाकडं बघितलं. डोक्यावर हात उंच केला तरी हाताला शेंडा लागणार नाही असा ऊस उभा होता, तोडीची वाट बघत. त्यांनी कागद बघितला. मग ते त्या उसात शिरले. पाचटाचा करकर आवाज आत जात राहिला, मग परत येत गेला. बाहेर आले तेव्हा गालावर लाल रेघ आणि शर्टाची बाही फाटलेली.

"पड जमिनीत शर्ट फाटला माझा," ते म्हणाले.

पहिली ठमाबाईच हसली. मग बांध हसला. रणजित सोडून.

"पंचनामा करतो. आजींचा जबाब घेतो, कारखान्याची नोंद जोडतो. पण पंच म्हणून दोघांच्या सह्या लागतील, याच चारीवरच्या. म्हणजे त्यांनाही सांगावं लागेल, आपली नोंद चुकलीय म्हणून."

मग हसणं थांबलं. कुणी पदर नीट केला, कुणाला म्हशीची आठवण झाली. ठमाबाईनं कुणाकडं बघितलं नाही, चारीत बघत राहिली. पाणी नव्हतं. पाळीला अजून आठ दिवस होते.

"आण हिकडं," साखरबाई म्हणाली. शिव्या देत देतच ती बांध उतरली आणि सही केली. मागोमाग भामाबाई आली. तिनं अंगठा दिला आणि तो पदराला पुसत रणजितला म्हणाली, "तुज्या बुलेटला रस्ता पायजे, आमाला पाणी पायजे. राग मानू नगंस लेका."

पंचनामा बारामतीला गेलाय. निकाल अजून यायचाय. ठमाबाईच्या नावानं नोटीस मात्र दोन दिवसांत आली, खुलासा करा म्हणून. सरकारला घाई कशाची असते ते यावरनं ओळखावं.

नोटीस आली त्याच दुपारी तिच्या ओट्यावर पुन्हा फोन जमा झाले. अकरा. तिचा धरूनच हे अकरा; बारा व्हायला हवे होते, पण भागुबाईचा नव्हता. तिनं सगळे पिशवीत भरले, तोंडाला पदर गुंडाळला आणि आधी आपल्याच उसात शिरली. पात्यांनी हात सोलले. मधोमध पोचल्यावर फोन विचारायला लागला. पीक कोणतं? ऊस. पाण्याचं साधन? कालवा. तिनं उसाचा फोटो काढला, या खेपेला पाय सोडून. नोंद झाली.

दोन मिनिटं लागली.

तिनं स्वतःलाच एक इरसाल शिवी हासडली आणि पिशवीतला साखरबाईचा फोन काढला.