वर्गातली अळी चॅनेलवर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पांढरकवड्याच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या वर्गात छताला टांगलेला. माझा उजेड आता पिवळट पडला आहे. पण मित्रांनो, वरून मला सगळं दिसतं, म्हणून मी सहसा कोणावर विश्वास ठेवत नाही.

शीला मॅडम इथे तासिका तत्त्वावर शिकवतात. दर वर्षी त्यांना पुन्हा बोलवायचं की नाही, हे प्राचार्य भगवानराव ठरवतात. मॅडमनी एकदा इंटरनेटवरचा व्हिडिओ माझ्यातून दाखवला. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या बोंडात कशी शिरते, ते त्यात अगदी जवळून टिपलं होतं.

"मॅडम, हे तं आमच्याच वावरातली दिसते!" पुढच्या बाकावरची खुशी ओरडली. वर्ग हसला आणि मग गप्प होऊन पाहत राहिला. मला फार दिवसांनी धन्य वाटलं.

मागच्या बाकावर मात्र एक मोबाइल उभा करून ठेवला होता. तपासणी समिती येणार, म्हणून तासांचं चित्रीकरण चाललं होतं. मला तो तेव्हाच खटकला.

काही दिवसांत महाविद्यालयाच्या इंटरनेटवरच्या चॅनेलवर तात्पुरती बंदी आली. अळीच्या व्हिडिओच्या मालकाने तक्रार केली होती. भगवानरावांनी रागाने माझी केबल उपसून नेली. हे कोणामुळे झालं, म्हणून प्रयोगशाळेतले कपिलभाऊ मुलांकडे संशयाने पाहू लागले, मुलं कपिलभाऊंकडे. मी धूळ खात सगळ्यांकडे.

शेवटी रिकाम्या वर्गात भगवानरावांनी मॅडमना गाठलं. "दुसऱ्याचा माल चोरून दाखवता अन् कॉलेजचं नाव खराब करता?"

"सर, शिकवतानी वर्गात दाखवायची मोकळीक कायद्यातच हाय."

"मंग तक्रार काहून आली?"

"वर्गाची नाही आली, चॅनेलची आली. तिथं सारं जग पाह्यते. माहा तास तिथं कोनं टाकला?"

पुढच्या वर्षीचं बोलावणं पणाला लावून विचारलेला प्रश्न होता तो. भगवानराव खिडकीबाहेर पाहू लागले. "म्याच टाकला. समितीले दाखवाले कामी पडन म्हनून."

"मंग तो काढा सर, अन् केबल द्या."

केबल मिळाली. पण मॅडमच्या तासाला भगवानराव आता दाराशी रेंगाळतात. शिकतात की पाळत ठेवतात, कोण जाणे. बोलावणं अजून आलेलं नाही.

मित्रांनो, वर्गासाठी आणलेलं वर्गातच ठेवा. माझी काच मऊ कापडाने पुसत जा. आणि कोणावर संशय आलाच, तर केबल उपसण्याआधी त्याला एकदा विचारा. त्या हिसक्यात केबलची एक पिन वाकली. तेव्हापासून माझ्या पडद्यावर पांढरा कापूस जांभळा दिसतो.