साहेबांचा मका

वासंतीचं व्रत साधं होतं. सकाळची पूजा आटोपली की भाताची मूद आणि मूठभर दाणे बाहेर ठेवायचे, आणि पाखराने चोच लावल्याशिवाय आपण पाण्यापलीकडे काही तोंडात घालायचं नाही. आई गेली त्या वर्षी तिने ते धरलं, त्याला बारा वर्षं होत आली होती. पुण्यात कधी अडचण आली नाही. कावळे कठड्यावर पंगत धरूनच बसायचे. जरा उशीर झाला तर ओरडून सोसायटी डोक्यावर घ्यायचे.

भास्करला हॅनोव्हरजवळच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दोघं तिथल्या एका खेड्यात भाड्याने राहायला आली, तेव्हा मात्र पंचाईत झाली. चार दिवस मुदीकडे कुणी फिरकेना. संध्याकाळ होऊन जायची आणि वासंती नुसत्या पाण्यावर.

"अगं, इथली पाखरं ब्रेडवर वाढलेली," भास्कर वैतागून म्हणाला. "तुझा आंबेमोहोर त्यांना काय कळणार?"

पाचव्या दिवशी कुंपणाखालून तो आला. कोंबड्याएवढा, तांबूस सोनेरी अंगाचा, मान हिरवीनिळी, गळ्यात पांढरी कंठी आणि मागे हातभर शेपूट. इकडे त्याला फाझान म्हणतात. वासंतीला तो मोराचा धाकटा चुलतभाऊच वाटला. एकेक पाय उचलून तोलत तोलत तो मुदीपाशी आला, मान वाकडी करून त्याने घराकडे पाहिलं आणि टोच मारली. वासंतीने खिडकीतूनच हात जोडले. त्या दिवसापासून ते "राजे" झाले.

राजांमागून तपकिरी राण्या आल्या, उन्हाळ्यात पिल्लं आली. दुसऱ्या वर्षी अकरा पानं मांडावी लागत होती. भास्कर रोज चहाचा कप हातात धरून विचारायचा, "जेवले का पाहुणे?" ती "हो" म्हणाली की मग दोघं न्याहारीला बसायची.

भास्करचे साहेब, ब्रिंकमन, याच गावचे. हे घरही त्यांनीच मिळवून दिलेलं. उंच, लालबुंद गालांचा, मोठ्याने हसणारा माणूस. एका रविवारी ते कॉफीला आले आणि खिडकीपाशी उभेच राहिले. बोटाने मोजू लागले.

"अकरा! फ्राऊ पेठे, गावात कुणालाच एवढे जमले नाहीत!"

पुढच्या आठवड्यात त्यांनी मक्याचं पोतं आणून टाकलं. वर सल्लाही दिला. शेजाऱ्यांची मांजरं आहेत, तेव्हा बागेत नको. मागचं शेत ओलांडलं की झुडपांची दाट पट्टी आहे, तिथे घालत जा. पाखरांना आडोसा होईल.

वासंतीला भरून आलं. पुण्याला बहिणीला फोन करून ती म्हणाली, "सुमेधा, माणूस मांसाहारी, पण दया बघ गं! देवमाणूस आहे." भास्कर समोरच बसला होता. त्याने पेपर थोडा वर धरला.

तेव्हापासून ती रोज बांधावरून चालत जाऊ लागली. हातात वाडगा, ओठांत नाम. तीनशे पावलं व्हायची. थंडीत बोटं बधिर होत, पण चुकवलं नाही. महिन्याभरात पाखरं तिची पावलं ओळखायला लागली. ती शेताच्या निम्म्यात असतानाच झुडपांतून माना वर यायच्या. पोतं संपायच्या आत दुसरं पोतं दारात हजर असायचं.

२००४ सालच्या नोव्हेंबरातला तो शनिवार. भास्कर सकाळीच जाड बूट घालून तयार झाला. अंगावर नारिंगी जाकीट, हातात काठी.

"कुठे निघालात एवढे?"

"साहेबांनी बोलावलंय. गावातले चारसहा जण आहेत. रानात जरा फिरायचं."

"काठी कशाला?"

"चिखल असतो," म्हणाला आणि गेला. पाहुण्यांचं विचारायला विसरला.

वासंतीने दाणे घातले. राजे आले, राण्या आल्या, सगळी जेवली. ती परत येऊन न्याहारीचं ताट वाढून घेतेय तोवर शेतापलीकडून शिंग वाजलं. तिने खिडकीतून पाहिलं. झुडपांच्या पट्टीला तीन बाजूंनी हिरव्या कोटातली माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात बंदूक. चौथ्या बाजूने नारिंगी जाकिटं एका रांगेत झुडपांवर काठ्या बडवत, हो हो करत आत शिरत होती. लहानपणी तिने आजोळी रानडुकरं उठवायला हाका घातलेला पाहिला होता; हे काय चाललंय ते सांगायला कुणी नको होतं. रांगेतला डावीकडचा तिसरा माणूस भास्कर होता. चालण्यावरून तिने ओळखला.

पहिली राणी फडफडून उडाली. बार झाला. मग राजे उडाले, ते जड अंग कसंबसं वर नेत, सगळं सोनं उन्हात दाखवत. दोन बार झाले. वासंतीने डोळे मिटले, पण आवाज काही मिटेनात. ताटातलं थंड होऊन गेलं.

दुपारी दार वाजलं. ब्रिंकमनसाहेब टोपी काढून उभे होते, त्यांच्या मागे भास्कर, बुटांकडे बघत. साहेबांच्या हातात पायांना दोरी बांधलेले दोन पक्षी. एकाच्या गळ्यात पांढरी कंठी.

"फ्राऊ पेठे, पहिला मान तुमचा! आठ मिळाले. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं." आणि त्यांनी ते तिच्या हातांत दिले, आपण प्रसाद देतो तसे दोन्ही हातांनी.

कंठीवाला अजून कोमट होता. गळ्याखाली बोटांना काहीतरी खडबडीत लागलं. गळ्यातली दाण्यांची पिशवी टम्म भरलेली होती. सकाळचेच दाणे, अजून पोटातही उतरले नव्हते.

वासंतीचा आवाज तसाही कधी चढत नसे. जर्मन शिकवणीच्या बाई तिला सारख्या "मोठ्याने, मोठ्याने" म्हणायच्या. तशाच हळू आवाजात तिने विचारलं, "तुमच्या घरी खायला कमी आहे का?"

साहेब हसले. "नाही नाही. हा खेळ आहे. आजोबांपासून चालत आलेला. पण नियमाने हं! बसलेल्या पाखरावर आम्ही बंदूक उचलत नाही. आधी उडवायचं, मग मारायचं. त्याला संधी मिळायला हवी."

"बसलेलं मारणं पाप?"

"गेनाऊ! अगदी बरोबर."

"मग बसवलं कशाला? बागेत होते तेच बरे होते."

"घराजवळ बंदूक चालवायला कायद्याने बंदी आहे," साहेब इतक्या सरळपणे बोलले की त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसावं. मग तिचा चेहरा बघून जरा हळू झाले. "फ्राऊ पेठे, ती झुडपं मी लावली आहेत. शेतकरी सगळं नांगरून टाकतात. आम्ही नसतो तर या गावात एकही फाझान उरला नसता. हिवाळाभर दाणे आम्हीच घालतो. तुम्ही घालता, मी घालतो. दोघांचं प्रेम एकच."

हेच तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं, की त्या माणसाने तिला आपल्या रांगेत बसवलं आणि तिच्या तोंडून "नाही" निघालं नाही.

दार लागल्यावर ती वळली. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

भास्कर बुटांच्या नाड्या सोडत बसला. नाड्या सुटल्या तरी सोडतच राहिला.

"कधीपासून?"

"पहिल्या पोत्यापासून." मग एकदम, "अगं, माझा करार जानेवारीत कायम व्हायचाय. त्यांच्या सहीने. काय सांगू त्यांना? माझी बायको तुमच्या पाखरांना नैवेद्य दाखवते, तुम्ही बंदुका खाली ठेवा? आणि मी काही मारलं नाही. नुसती काठी आपटली."

"मला सांगायचं होतंत."

"तू खुश होतीस."

"हो. इतके महिने त्यांना देवमाणूस म्हणत होते मी. तुम्ही ऐकत होतात."

भास्करने बूट उचलून दाराशी नीट ओळीत ठेवले.

"आता खड्डा खणा," ती म्हणाली. "सफरचंदाच्या झाडाखाली. खोल खणा, मांजरं आहेत ना शेजारी."

"सोमवारी साहेब विचारतील, कसे लागले म्हणून."

"सांगा, छान लागले. खोटं बोलायला तुम्हाला काठीसुद्धा लागत नाही."

त्याने खड्डा खणला. दिवसभर ती पाण्यावरच राहिली. राजांनी सकाळी चोच लावली होती, व्रताने तिला मोकळी केली होती. पण घास उचलेना.

रविवारी सकाळी पूजा झाली आणि ती बांधावरून निघाली. हातात वाडगा नव्हता. ताट होतं आणि लोखंडी पळी. शेताच्या निम्म्यात पोचली तशा झुडपांतून माना वर आल्या. तीनच. तिन्ही राण्या. तिचीच पावलं ऐकून धावत सुटल्या होत्या.

तिने ताट बडवलं. आजोळी जोंधळ्याच्या शेतात राखणीला बसलेल्या बाया बडवतात तसं, जिवाच्या आकांताने. पाखरं थबकली. पुन्हा जवळ आली. अशाच आवाजाने काल माणसांनी घाबरवलं होतं, पण ही बाई कशी घाबरवेल? एक तर अगदी पायाशी येऊन मान वाकडी करून वर बघायला लागली.

"जा ना गं," वासंती म्हणाली. "जा मेले, लांब जा."

ती जाईना. तेव्हा वासंतीने वाकून गोठलेलं ढेकूळ उचललं आणि मारलं. नेम चुकला नाही. पाखरू कळवळून ओरडलं आणि उडालं. मागोमाग दुसरी दोन्ही उडाली, ओढ्यापार दिसेनाशी झाली. तिचा हात तसाच वर राहिला. त्या हाताने तिने चौदा वर्षं दाणे टाकले होते.

घरी येऊन तिने हात धुतले. पुन्हा धुतले. पोहे केले, दोन ताटल्यांत वाढले आणि टेबलाशी बसली. भास्कर चहाचा कप घेऊन आला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "जेवले का पाहुणे?"

"नाही," वासंती म्हणाली, आणि पहिला घास तोंडात घातला.