झाडूगाडीतली गादी

स्त्रियांच्या सायकल शर्यतीचा इतिहास म्हणजे मानवी जिद्दीचा इतिहास होय, असं शर्यतीच्या सोळाव्या वर्षाच्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं. दुसऱ्या पानावर गादीची जाहिरात होती.

गादीच्या मागे झाडूगाडीचा फोटो होता. शर्यतीत सगळ्यांच्या मागून जाते आणि ज्या खेळाडूच्या पायांनी राजीनामा दिलाय तिला उचलून घेते, ती झाडूगाडी. तिच्या पाठीला खरोखरचा झाडू बांधलेला असतो. कुणाला तो विनोद वाटतो, कुणाला अपमान. गाडी चालवणाऱ्या वहिनींना तो नुसता झाडू वाटायचा, कारण पहिल्या वर्षी तो त्यांच्याच स्वयंपाकघरातून गेला होता आणि परत आला नव्हता.

वहिनींना सगळी शर्यतच वहिनी म्हणायची. शर्यतीचे संचालक म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते म्हणायचे म्हणून मेकॅनिक म्हणायचे, मेकॅनिक म्हणायचे म्हणून पंच म्हणायचे. परदेशी संघांचे डॉक्टरही म्हणायचे. त्यांना ते पदाचं नाव वाटायचं.

पहिल्या वर्षी शर्यतीला तीन टप्पे होते आणि एकतीस जणी. त्यात दोन नर्स होत्या, एक पोस्टातली कारकून होती, एक व्यायामशिक्षिका आणि तिच्या दोघी बहिणी होत्या आणि नऊ नंबरवर वहिनी होत्या. रस्ता बंद करायला कुणी परवानगी दिली नव्हती, त्यामुळे पहिल्या टप्प्यात प्रवाशांनी भरलेली एक बस आघाडीत घुसली आणि दुसरी आली. पंचांनी तिला निकालातून वगळलं, पण बराच वेळ विचार करून.

त्या वर्षी झाडूगाडी म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांची लाँड्रीची व्हॅन होती आणि ती दीर चालवत होते. शेवटच्या दिवशी घाटात, पाण्याच्या टाकीला टेकून असलेल्या पांढऱ्या भिंतीपाशी वहिनींची मांडी आखडली. दिरांनी खिडकीतून डोकं काढलं. "वहिनी, कशाला जीव काढतेस? ये, बस." वहिनी बसल्या. दिरांनी त्यांच्या पाठीवरचा नंबर पिना काढून सोडवून घेतला, कारण गाडीत बसणाऱ्याचा नंबर काढून घ्यायचा, हा नियम त्यांनी कुठेतरी वाचला होता. गाडी निघाली. दोन वळणं झाली आणि चढ संपला. पुढे एक किलोमीटर सपाट रस्ता आणि शेवटची रेघ. वहिनींनी ती रेघ धुवायला आलेल्या चादरींच्या गाठोड्यावर बसून ओलांडली.

दुसऱ्या वर्षी त्यांनी दिरांकडून किल्ली मागून घेतली. "आता मी चालवणार."

"का गं?"

"तुम्ही फार प्रेमळ आहात."

तेव्हापासून पंधरा वर्षं गाडी त्यांच्याकडे होती आणि तिचे काही नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून पाळले जात होते. शेवटच्या खेळाडूच्या मागे साठ पावलं राहायचं. हॉर्न वाजवायचा नाही. दिवे लावायचे नाहीत, कारण पाठीवर उजेड पडला की माणसाला उगाच आपण चोर असल्यासारखं वाटतं. आपणहून "बस" म्हणायचं नाही. आणि कुणी "किती राहिलं?" विचारलं तर खरं सांगायचं.

मधल्या काळात शर्यत वाढली. तीनाचे पाच टप्पे झाले, पाचाचे आठ. एकतिसाच्या एकशे चाळीस जणी झाल्या आणि त्यांना याच कामाचा पगार मिळू लागला. हे पोस्टातल्या कारकून बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "सायकल चालवायचा?" रस्ते बंद होऊ लागले. वर हेलिकॉप्टर आलं. ज्या गावांनी एके काळी शर्यतीला प्यायचं पाणी द्यायला खळखळ केली होती, ती आता टप्पा आपल्याकडे संपावा म्हणून शिष्टमंडळं पाठवू लागली.

लोक शर्यतीची वाढ हेलिकॉप्टरवरून मोजत. वहिनी ती आपल्या रिकाम्या बाकांवरून मोजत. पहिल्या वर्षी गाडीत अकरा जणी बसल्या होत्या, पाचव्या वर्षी सात, दहाव्या वर्षी दोन. गेल्या तीन वर्षांत कुणीच नाही. पोरी तयारीच्या येत, आणि एखादी खचलीच तर तिच्या संघाची मोटार तिला घेऊन जाई. वहिनींना याचा अभिमान वाटे. आपलं काम इतकं छान चाललंय की ते उरलेलंच नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते नियोजन समितीच्या ध्यानात आलं. रिकामी गाडी कशाला, मागे रुग्णवाहिका असतेच, असं कुणीतरी म्हणालं. दिरांनी धावपळ करून गादी कंपनी गाठली. कंपनीने गाडीतले बाक काढून गादी घातली, वर उशी ठेवली, बाहेरून "थकलात? आडवे व्हा" असं रंगवलं आणि वहिनींच्या झाडूच्या जागी स्वतःच्या निळ्या रंगाचा प्लॅस्टिकचा झाडू बांधला. अट एकच होती. आठ टप्प्यांत निदान एक खेळाडू गादीवर बसलेली टीव्हीवर दिसली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी कंपनी नाही, कंपनी नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर वहिनींनी घरी बसून टीव्हीवर हेलिकॉप्टर बघायचं.

सात टप्पे झाले. गादीवरचं प्लॅस्टिक तसंच होतं.

आठव्या दिवशी सकाळी दीर खिडकीपाशी आले. हातात वॉकीटॉकी, चेहरा उतरलेला. "वहिनी, आज एखादी तरी बसव गं."

"बसव म्हणजे? पाडू का कुणाला?"

"पाडू नकोस. नुसतं प्रेमाने विचार."

"मलाही तुम्ही प्रेमानेच विचारलं होतंत, भाऊजी."

"अगं, पंधरा वर्षं झाली त्याला!"

"मग? वळणं दोनच आहेत अजून."

दिरांनी वॉकीटॉकी उगाचच कानाला लावला आणि ते गेले.

शेजारच्या सीटवर कंपनीचे साहेब बसले. जाहिरात विभागातला सज्जन, गोल चेहऱ्याचा माणूस. घाटात त्यांना मळमळायचं, पण ते सात दिवस न कुरकुरता येत होते. "माझीही नोकरी याच गादीवर आहे, वहिनी," ते एकदा म्हणाले होते आणि कसनुसं हसले होते.

घाट सुरू झाला तशा एकेक जणी मागे पडू लागल्या, आणि शेवटी एकच उरली. एकशे सदतीस नंबर. तिच्या संघाची मोटार पुढच्या खेळाडूच्या मागे निघून गेली होती. ती एकटीच, डोकं खाली घालून, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढत होती. टीव्हीची एक मोटारसायकल अजून बरोबर होती. मागच्या सीटवर उलटा बसलेला कॅमेरावाला कॅमेरा रोखून होता.

साहेब सरळ बसले. त्यांची मळमळ थांबली. "वहिनी, हीच."

"चालतेय ती अजून."

"आडवी चालतेय! बघा तरी. आणि कॅमेरा पण आहे. जबरदस्ती नको हो, नुसतं आमंत्रण. 'या, बसा' एवढंच. करारातही आहे, सौजन्यपूर्वक आमंत्रण द्यावं म्हणून."

वहिनी पुढे बघत होत्या. समोर पाण्याची टाकी दिसू लागली होती. भिंतीला नवा रंग दिलेला होता, पण भिंत तीच. आणि एकशे सदतीसने तिथेच एक पाय खाली टेकला.

वहिनींनी मनाशी हिशेब केला. 'या, बसा.' दोन शब्द. ही बसली तर पुढच्या वर्षी आपण आहोत. हिचं तरी काय जाणार आहे, शेवटचा नंबरच तर आहे. आपलंही काय गेलं होतं? एकविसाव्या आलो असतो. एकविसाव्या नंबरची पंधरा वर्षांनी कोण आठवण काढतं? आपल्याशिवाय कुणीच नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं.

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुणी न बोलावता साठ पावलांचं अंतर मोडलं, गाडी पोरीच्या शेजारी नेली आणि काच खाली केली. साहेबांनी आतून गादीचं दार उघडलं, प्लॅस्टिक ओढून काढलं, उशी थोपटली. पोरीने गादीकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकी आस होती की साहेबांना आपल्या मालाबद्दल पहिल्यांदाच खात्री वाटली.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

वहिनींचं तोंड उघडलं ते 'या'साठीच. शब्द जिभेवर होता.

"दोन वळणं," त्या म्हणाल्या. "मग चढ संपतो. पुढे एक किलोमीटर सपाट. बसायचं असेल तर गादी आहे."

पोरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीचा पत्ता सांगणाऱ्याकडे पाहतात.

"दोनच? मग थांबवताय कशाला मला?"

आणि पेडलवर पाय ठेवून ती निघाली. वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवला, मनात साठ पावलं मोजली आणि मगच गाडी सोडली.

"संपलं," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून आल्याची गोळी काढून चघळायला घेतली.

दोन वळणं झाली. चढ संपला. एकशे सदतीस सपाट रस्त्याला लागली. शेवटच्या रेघेवरच्या हवा भरलेल्या कमानीतली हवा कामगारांनी सोडायला घेतली होती, त्यामुळे तिला कमानीखालून वाकून जावं लागलं. वेळेची मर्यादा संपायला सव्वीस सेकंद बाकी होते. एकशे अठरावी, म्हणजे शेवटून पहिली. वहिनी मागोमाग पोचल्या. त्यांनी गाडी कडेला लावली आणि पाण्याचा घोट घेतला.

शर्यत आता इतकी मोठी झाली होती की संघांच्या बस वर मावत नव्हत्या. त्या चार किलोमीटर खाली उभ्या होत्या. पोरीला कुणी न्यायला आलं नव्हतं. ती सायकल ढकलत गाडीपाशी आली. "खाली सोडाल?"

"नंबर काढावा लागेल का हिचा?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या.

पोरगी नंबरासकट गादीवर पडली आणि मिनिटभरात घोरू लागली. कॅमेरावाला मोटारसायकलवरून अजूनही त्यांच्याकडेच कॅमेरा रोखून होता. साहेबांचे डोळे भरून आले. कंपनीची अट तंतोतंत पूर्ण झाली होती. त्यांनी घाईघाईने मुख्य कार्यालयात फोन लावला. "पाहिलंत ना? झोपली! चक्क झोपली!"

पलीकडे कुणीतरी कागद चाळले. काय नोंदवायचं ते तुम्हीच कळवा, तसं नोंदवून टाकू, गाडी पुढच्या वर्षी चालू राहील, असं उत्तर आलं. कार्यालयात कुणी काही पाहिलेलंच नव्हतं. थेट प्रक्षेपण चाळीस मिनिटांपूर्वी, पहिली खेळाडू पोचताच संपलं होतं आणि चॅनलवर पुरुषांच्या शर्यतीतले खेळाडू उतरतात त्या हॉटेलची ओळख करून देणारा कार्यक्रम चालू होता.