गावविहिरीचा तांब्या

आमची कोंडाआक्का म्हणजे लई हट्टी बाई. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता गायला लागली, अन् पुढं कंधारपासून देगलूरपर्यंत तिची गायन पार्टी गाजली. मी तिचा धाकटा भाऊ पंढरी, ढोलकीवर. तिचा नेम ठरलेला. पहिलं गाणं बाबासाहेबांचं, मग त्या गावच्या विहिरीचं पाणी तांब्याला तोंड लावून प्यायचं, तवाच दुसरं गाणं. लहानपणी गावातले लोक आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्याचा राग तिच्या पोटात हाय.

लातूर नवा जिल्हा झाला, आमचं जन्मगाव त्यात गेलं, अन् पुन्हा दुष्काळ पडला. पाणी उरलं एकट्या गावविहिरीला. तिथं आमच्या वस्तीला मनाई. आमची म्हातारी माय, केवळाबाई, ओढ्यात झिरा उकरून घागर भरायची. अशात जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून सरपंच शेषेरावानं आक्काला गायला बोलावलं. म्हणे, "गावची लेक हाय!" आता आठवली व्हय रे लेक?

चावडीपुढं पहिलं गाणं झालं. आक्कानं पाणी मागितलं. शेषेरावानं साहेबांसाठी मागवलेल्या टँकरच्या पाण्याचा गिलास पुढं केला.

"हे न्हाई. विहिरीचं आणा."

पुढची दोन-चार पोरं बाह्या सारून उठली. मी आक्काच्या कानाशी लागलो.

"आक्का, गा की गपगुमान! आपण जाऊ निघून, मायला इथंच ऱ्हायचंय!"

तिनं पेटीचा भाता बंद केला.

साहेबांनी विचारलं, "सरपंच, विहिरीला पाणी नाही का?"

"हाय की साहेब..."

"मग द्या."

तांब्या आला. आक्का प्यालीच न्हाई. तिनं मागं बसलेल्या मायला हाक मारली. माय आली, वाकली अन् सवयीनं ओंजळ धरली.

"ओंजळ सोड, माये. तोंड लाव," म्हणत आक्कानं तांब्या तिच्या हातात दिला.

मायनं शेषेरावाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. माय घटाघटा प्याली, पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "सरपंच, उद्या घागर घेऊन येऊ का?"

आक्कानं माईक त्याच्या तोंडापुढं धरला. साहेब बघून राहिले व्हते.

"ये," भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं.

"मंग आत्ताच आणते. उद्याचा काय भरोसा?"

माय निघाली. तिच्यामागं वस्तीतल्या साऱ्या बाया उठल्या.