तांबूचा नमस्कार

आमच्या घराला लागून गणपतीचं देऊळ. गावावरच्या कातळी सड्यावर लागलेल्या वणव्यात सापडलेलं भेकराचं, म्हणजे छोट्या रानहरणाचं, पिल्लू मी आणलं, त्याचं नाव तांबू ठेवलं आणि सभामंडपाच्या कडेला पेंढ्यावर बांधलं. भिजवलेले चणे, खोबरं, प्रसादाची केळी. दोन वर्षांत ते चाललं ते अंगणातल्या मऊ सारवलेल्या जमिनीपुरतं.

१९३१च्या माघी उत्सवाआधी एक नवल घडू लागलं. संध्याकाळी भजनाला माणसं जमली की तांबू उठायचं आणि थोड्या वेळाने पुढचे दोन्ही गुडघे टेकून मान खाली घालायचं. मला कीर्तनाचं वेड. देवरूखच्या कीर्तनकार बुवांच्या उत्तररंगातली कथा ऐकायला मी घाट्या चढून पायी गेलेला माणूस. त्यांना मी पत्र धाडलं, ‘आमचं हरीण देवाला नमस्कार करतं, आपण येऊन पाहावं.’ बुवा येतो म्हणाले.

उत्सवातल्या कीर्तनाला तीन दिवस असताना, बुधवारी, महिपत पेंढा टाकायला आला. आमची गुरं तोच बघायचा.

“तात्यानू, ह्याचं खूर बघितलंत काय?”

“रोज हळदकुंकू लावतो मी त्या पायांना.”

“लावलंत हो. पर बघितलंत काय?”

त्याने पाय उचलून दाखवला. खूर बोटभर वाढून वर वळले होते, एकावर एक चढले होते. मधल्या फटीत पेंढा कुजून घाण येत होती.

“कातळावर फिरलं असतं तर आपसूक झिजलं असतं. माणसं जमली की भिऊन उठतं, मग उभं ऱ्हावत नाय, म्हणून गुडघं टेकतं. नमस्कार कसला त्यो?”

“कीर्तनात घोरतोस आणि मला नमस्कार शिकवतोस?”

“घोरतो खरा. पर दुखतंय कुनाला तेवढं कळतं. आज कापू?”

मी म्हटलं, “उत्सव होऊ दे. रविवारी काप.”

“चार दिस,” एवढंच बोलून तो गेला.

ते चार दिवस मी कोमट पाण्याने तांबूचे पाय धुतले आणि मनाशी त्याला सेवा म्हटलं.

शनिवारी कीर्तन रंगलं. पूर्वरंग झाला, मध्यंतरीचा बुक्का लागला, कथा सुरू झाली. तांबू खांबाशी उभं होतं, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत. ते मला आजवर दिसलंच नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या वेळी देवासमोर बसून मी मनात म्हणत होतो, टेक बाबा, आता टेक.

त्याने गुडघे टेकले. सगळ्या मांडवाने हात जोडले. बुवा कथा थांबवून खाली आले, तांबूपुढे वाकले. “चिंतामणरावांच्या घरी जनावरंसुद्धा भक्त,” माझं नाव घेऊन म्हणाले. महिपत भिंतीशी बसला होता, टक्क जागा. तो माझ्याकडे नाही, तांबूकडे बघत होता. मला हार घातला तेव्हा मान वर करवेना.

सकाळी महिपत सुरी आणि कानस घेऊन आला. मी तांबूचं डोकं मांडीवर धरलं. “एकदम कापलं तर रगत येईल,” म्हणत तो थोडं थोडं तासत होता. तेवढ्यात निरोप घ्यायला बुवा आले.

“हे काय चाललंय?”

महिपतला सांगता आलं असतं. तो खाली बघून तासत राहिला.

“बुवा, तो नमस्कार नव्हता,” मी म्हटलं. “पाय दुखत होते त्याचे. मला बुधवारीच कळलं होतं.”

“मग काल का नाही बोललात?”

“तुम्हाला दाखवायचं होतं.”

बुवा पेंढ्यावरच बसले. त्यांनी तांबूच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, “पुढच्या गावी मी हीच गोष्ट सांगणार होतो.”

“सांगा. माझ्या नावासकट, सगळी सांगा.”

“ती मी कशी सांगू? काल हात जोडले ते इथल्या लोकांनी. आधी त्यांना तुम्हीच सांगायला हवी.”

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी उभा राहिलो. पत्रापर्यंत सांगितलं, त्या चार दिवसांपर्यंत आलो आणि तिथेच अडलो.

मागून महिपत म्हणाला, “सांगा तात्यानू. आयकतायत.”

मी पुढचं सांगितलं.